बिबल्याचा पेला

मामांच्या ओट्यावरच्या कोनाड्यात लाकडाचा एक पेला असतो. मुठीत मावेल एवढा, कातारकामाने गोल घोटलेला. कोरडा असला की पिवळसर तपकिरी दिसतो, मधून गडद रेघा गेलेल्या. रात्री निजायच्या आधी मामी त्यात माठातलं पाणी भरते आणि वर वाटी झाकते. सकाळी त्या पाण्याला कोऱ्या चहाचा फिका रंग चढलेला असतो. उन्हाच्या तिरिपीत धरलं तर पिवळ्या पाण्याच्या काठाशी निळसर झाक दिसते. मामा ते पाणी अनशापोटी एका दमात पितात आणि तोंड वाकडं करतात.

पेला बिबल्याचा आहे. यावल तालुक्याच्या उत्तरेला सातपुडा उभा आहे. 1969 साली जाहीर झालेलं यावल अभयारण्य तिथेच. साग, सालई, अंजन, धावडा यांच्या त्या कोरड्या रानात बिबलाही वाढतो. सालीवर कोयता बसला की लालभडक चीक पाझरतो. वाळला की त्याचे माणकासारखे खडे होतात. संस्कृत ग्रंथांत या झाडाला असन, बीजक म्हटलंय, औषधाच्या दुकानात विजयसार. बिब्बा वेगळा, बिबला वेगळा, हे आधी सांगून ठेवतो. बिब्ब्याचं तेल अंगाला लागलं तर कातडी फोडून काढतं, आणि नावाच्या या सारखेपणामुळे गफलत झालेली मी पाहिली आहे.

मामांना साखर लागून अकरा वर्षं झाली. गोळ्या सुरू होत्या, तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीए1सी, सातच्या थोडी वर राहायची. मग कुणीतरी जत्रेतून हा पेला आणून दिला. पाणी सुरू झालं, आणि महिन्याभरात मामांनी गोळ्या बंद केल्या. "कडू पोटात गेलं का गोड मरतं, मग गोळी कशाला?" असं त्यांचं म्हणणं. चार महिन्यांनी पायाच्या बोटाला ठेच लागली, जखम भरेना, तेव्हा कुठे रक्त तपासलं. सरासरी दहाच्या वर गेली होती. बोट वाचलं. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. पेला मात्र कोनाड्यातच राहिला. मामांचा विश्वास गेला नव्हता, आणि माझंही त्यांना "ते सगळं थोतांड आहे" असं सांगायचं धाडस झालं नाही, कारण ते थोतांड नाही.

बिबल्यावर आपल्याच देशात, सरकारी पैशाने, नीट काम झालेलं आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, मधुमेहाचं नुकतंच निदान झालेल्या रुग्णांना विजयसाराचा अर्क देऊन पाहिला आणि 1998 साली निष्कर्ष छापले. 97 रुग्णांपैकी 67 जणांची साखर बारा आठवड्यांत आटोक्यात आली, म्हणजे शेकडा 69. उपाशीपोटीची साखर सरासरी 151 होती, ती 32 ने उतरली. जेवणानंतरची 216 होती, ती 45 ने उतरली. बहुतेकांना रोज दोन ग्रॅम अर्क पुरला, काहींना तीन आणि थोड्यांना चार ग्रॅम लागला. पुढे टॉल्ब्युटामाइड या जुन्या गोळीशी तुलना करणारी चाचणीही झाली. तीत दोन्ही गटांतल्या बहुतेक रुग्णांची साखर उतरली.

म्हणजे झाडात काहीतरी आहे. पण 1998 च्या त्याच निष्कर्षांत आणखी एक आकडा आहे आणि तो जाहिरातीत कधी येत नाही. तीन महिन्यांची सरासरी साखर 9.8 वरून 9.4 वर आली होती, एवढीच. बारा आठवडे हा काळ या तपासणीला थोडा अपुरा पडतो हे मान्य, तरी साडेनऊच्या आसपासची सरासरी म्हणजे डोळ्यांचा पडदा, मूत्रपिंड आणि पायांच्या नसा यांची झीज चालूच. शिवाय या चाचणीत तुलनेला दुसरा गट नव्हता. नुकतंच निदान झालेला माणूस घाबरून आपसूक गोड सोडतो, चालायला लागतो. त्या 32 मधले किती बिबल्याचे आणि किती भीतीचे, हे वेगळं काढायला दुसरा गट लागतो.

योगायोगाने त्याच वर्षी, 1998 मध्ये, इंग्लंडमधल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. त्यात वजन जास्त असलेल्या 342 मधुमेहींना मेटफॉर्मिन दिलेलं होतं आणि त्यांच्यावर सरासरी दहा वर्षांहून अधिक काळ नजर ठेवलेली होती. निव्वळ पथ्यावर ठेवलेल्या गटाच्या तुलनेत त्यांच्यातले मृत्यू 36 टक्क्यांनी कमी भरले. इकडे बारा आठवडे, तिकडे दहा वर्षं. इकडे साखरेचा आकडा, तिकडे जगलेली माणसं. वनौषधी आणि गोळी यांच्यातली खरी दरी इथे आहे. झाड कमी पडलं असं नाही, झाडाला तेवढा वेळ आणि तेवढा पैसा कुणी दिलाच नाही. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता चाचणीतला अर्क आणि मामांचा पेला यांत काय फरक आहे ते पाहू. अर्क करताना लाकडाच्या गाभ्याचा भुसा पाण्यात उकळतात, गाळतात, आटवतात, वाळवतात आणि उरलेली भुकटी तोलून देतात. दोन ग्रॅम म्हणजे दोन ग्रॅम. पेल्याचं तसं नाही. पहिल्या आठवड्यात पाणी गडद होतं, महिन्याभराने फिकं पडतं, कारण लाकडाच्या आतल्या पृष्ठभागावरचं विरघळण्याजोगं सगळं निघून गेलेलं असतं. म्हणून विकणारे सांगतात, आतून जरा खरवडून घ्या. हिवाळ्याचं गार पाणी, उन्हाळ्याचं कोमट पाणी, कोवळं झाड, जून झाड, भरपूर गाभा असलेलं लाकूड, नुसतं बाहेरचं फिकं लाकूड, दर वेळी पाण्यात उतरणारं वेगळं. शिवाय प्रयोगशाळेत बिबल्यातल्या ज्या टेरोस्टिलबीन नावाच्या रेणूचं कौतुक होतं, तो पाण्यात फारसा विरघळतच नाही. एपिकॅटेचिनसारखे दुसरे काही रेणू उतरतात. तेव्हा "बिबल्यात अमुक आहे" हे वाक्य खरं असलं, तरी "पेल्यात अमुक आहे" हे त्यातून निघत नाही.

आयुर्वेदाला हे नवं नाही. त्याच्याकडे यासाठी एक नेमका शब्द आहे : मात्रा. आणि आमच्या भागातल्या शेतकऱ्याला तर तो समजावून सांगायलाही नको. यावल-रावेरचा कुठलाही केळीवाला काट्यावर तोलल्याशिवाय घड ट्रकमध्ये चढू देत नाही. खताची गोणी, ठिबकातून सोडायचं विद्राव्य खत, सगळं एकरी हिशेबाने. मी मामांना विचारलं, "मामा, केळीला युरिया अंदाजाने टाकता का?" ते म्हणाले, "बाग जळून जाईल ना!" मग थोडा वेळ गप्प बसले.

वनस्पतीपासून औषध होतं तेव्हा नेमकं काय घडतं, याचा दाखला मामांच्या त्या मेटफॉर्मिनच्या गोळीतच आहे. युरोपात गॅलेगा नावाचं एक झुडूप आहे, जांभळट फुलांचं. बिबला आणि मेथी ज्या शेंगांच्या कुळातले, त्याच कुळातलं. पूर्वी तिकडचे वैदू फार लघवी होणाऱ्या रुग्णाला ते द्यायचे. त्यातला ग्वानिडीन जातीचा घटक साखर उतरवतो हे पुढे कळलं. 1918 साली ग्वानिडीनने प्राण्यांची साखर उतरते हे दिसलं होतं. पण तो माणसाला द्यावा तर विषारी, खुद्द गॅलेगा खाऊन मेंढ्या मरतात. मग त्याच घडणीचे सौम्य भाऊबंद शोधणं सुरू झालं. 1922 मध्ये डब्लिनला वर्नर आणि बेल यांनी मेटफॉर्मिन तयार केलं आणि पस्तीस वर्षं ते मधुमेहींपर्यंत पोचलंच नाही. 1957 मध्ये पॅरिसच्या झाँ स्टर्न यांनी ते मधुमेहींना देऊन पाहिलं आणि त्याला ग्लुकोफाज नाव दिलं, अर्थ 'साखर खाणारा'. अमेरिकेत ते पोचायला 1995 उजाडलं.

दुसरी गोष्ट सफरचंदाच्या झाडाची. त्याच्या मुळाच्या सालीतून 1835 साली फ्लोरिझिन नावाचा कडू पदार्थ काढला. हिवतापावर चालेल अशी तेव्हा आशा होती. 1886 मध्ये फॉन मेरिंग यांना दिसलं की तो दिला की लघवीतून साखर वाहून जाते. मूत्रपिंड गाळलेली साखर परत रक्तात ओढून घेतं, ती ओढण्याची वाटच हा पदार्थ अडवतो. पण तोंडाने घेतला तर आतड्यातच मोडतो आणि जुलाब लावतो. शंभराहून अधिक वर्षं रेणूची घडण बदलत बदलत त्यातून डॅपाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या आल्या. 2020 मध्ये डॅपाग्लिफ्लोझिनचं मूळ पेटंट भारतात संपलं, किंमत घसरली, आणि आज यावलच्या मेडिकलमध्ये ती सहज मिळते. सफरचंदाच्या मुळाची साल चावून कुणाचा मधुमेह बरा झाला नाही. झाडाने वाट दाखवली, पुढचा रस्ता माणसांनी तयार केला.

आपल्या रानातही अशी वाट दाखवणारी एक वेल आहे : गुडमार, बेडकीचा पाला. हिचा प्रयोग कुणालाही करून पाहता येतो. मी केलाय. हिरवं पान तोडून दोन मिनिटं सावकाश चघळलं. चव कडवट, तुरट, जिभेला राठ लागणारी. थुंकून टाकलं, चूळ भरली आणि गुळाचा खडा तोंडात टाकला. गूळ नव्हताच तो. मातीचं ढेकूळ तोंडात विरघळावं तसं काहीतरी, थोडं खारट. साखरेचा चमचा टाकला तर वाळू. मीठ खारट लागत होतं, लिंबू आंबट लागत होतं, फक्त गोड गेलं होतं. अर्ध्या-पाऊण तासाने ते हळूहळू परत आलं. पानातली जिम्नेमिक आम्लं जिभेवरच्या गोड ओळखणाऱ्या ग्राहकांना जाऊन चिकटतात आणि तेवढा वेळ साखरेला तिथे जागाच मिळत नाही.

1930 साली म्हसकर आणि कायस या जोडीने गुडमारावर सविस्तर अभ्यास छापला. त्यातले कायस हे मुंबईच्या हाफकिन संस्थेत काम करणारे फ्रेंच धर्मगुरू. गुडमारानं प्राण्यांची साखर उतरते असं त्यांनी नोंदवलं. 1990 मध्ये मद्रास विद्यापीठात 22 मधुमेहींना रोज 400 मिलिग्रॅम अर्क दीड वर्षाहून अधिक काळ दिला. साखर उतरली आणि पाच जणांच्या गोळ्या सुटल्या. आकडा उत्साह वाढवणारा आहे, पण 22 माणसं, आणि तीही चिठ्ठ्या टाकून दोन गटांत वाटलेली नव्हेत. मला गुडमारात वेगळीच शक्यता दिसते. चहाच्या वेळेआधी जीभ अर्धा-पाऊण तास गोडाला बधिर झाली, तर ज्याचा हात सारखा साखरेच्या डब्याकडे जातो त्याला ती मदत होईल. हे औषध नव्हे, सवयीला लावलेला अडसर आहे. पण आमच्या भागात चहात घातलेली साखर ढवळूनही तळाशी उरते, तिथे हा अडसरही थोडाथोडका नाही.

बाकीच्यांची गोष्ट लवकर उरकते. कारल्यात साखर उतरवणारे घटक आहेत, पण थायलंडमध्ये 2011 साली झालेल्या चाचणीत रोज दोन ग्रॅम वाळलेल्या कारल्याचा परिणाम एक ग्रॅम मेटफॉर्मिनपेक्षा कमी भरला. दालचिनीच्या चाचण्या एकमेकींशी जुळत नाहीत, आणि बाजारात मिळणाऱ्या जाड सालीच्या दालचिनीत यकृताला त्रास देणारं कूमारिन असतं. मेथीचं प्रकरण मात्र वेगळं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 1990 मध्ये छापलेल्या प्रयोगात तेल काढलेल्या मेथीची शंभर ग्रॅम भुकटी रोज दोन जेवणांतल्या पोळीतून दिली, तेव्हा चोवीस तासांच्या लघवीतली साखर 54 टक्क्यांनी कमी झाली. शंभर ग्रॅम! आपण फोडणीत चिमूटभर टाकतो. मेथीतला चिकट तंतू पोटात फुगतो, अन्नाचा गोळा दाट करतो आणि साखर रक्तात सावकाश सोडतो. इतक्या प्रमाणात ती औषध राहत नाही, जेवणच होते. मात्रेचा प्रश्न इथून थेट ताटात येतो.

ताटाकडे येण्याआधी वांग्याचं सांगतो, कारण ते आमच्या तालुक्याचं आहे. बामणोदची भरिताची वांगी खानदेशात प्रसिद्ध आहेत, आणि जळगावच्या भरिताच्या वांग्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. त्याच्या सतरा वर्षं आधी, 4 मे 1999 रोजी, अमेरिकेत एका कंपनीला साखर उतरवणाऱ्या वनस्पती-मिश्रणाचं पेटंट मिळालं होतं. त्यातल्या वनस्पती चार : जांभूळ, कारलं, गुडमार आणि वांगं. भारतात मोठा गदारोळ झाला. हळद आणि बासमतीवरच्या अशाच वादांतून आणि या अनुभवातून 2001 मध्ये पारंपरिक ज्ञानाचं डिजिटल ग्रंथालय उभं राहिलं. परदेशी पेटंट तपासणाऱ्यांना संस्कृत, अरबी, फारसी, तमिळ ग्रंथांतले प्रयोग त्यांच्या भाषेत दाखवता यावेत म्हणून. ते काम फार मोलाचं आहे. पण 'हे आमचं आहे' आणि 'हे लागू पडतं' ही दोन वेगळी वाक्यं आहेत. पहिलं सिद्ध झालं म्हणून दुसरं आपोआप सिद्ध होत नाही. भरीत मात्र मधुमेहीला चांगलंच. पिष्ट कमी, चोथा भरपूर. फक्त वरून ओतलेलं तेल आणि सोबतच्या पुऱ्या मोजाव्या लागतात.

खानदेशाचं जुनं ताट आठवून पाहा. दादर ज्वारीची किंवा कळण्याची भाकरी, म्हणजे ज्वारीत उडीद मिसळून दळलेलं पीठ. सोबत उडदाची दाट डाळ, ठेचा, रानातली भाजी. ज्वारीतलं पिष्ट तिच्या प्रथिनांत गुंडाळलेलं असतं, ते सावकाश पचतं. उडीद आला की आणखी सावकाश. हैदराबादच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने, इक्रिसॅटने, 2021 मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा भरडधान्यं नियमित खाणाऱ्या मधुमेहींची उपाशीपोटीची साखर सरासरी 12 टक्क्यांनी आणि जेवणानंतरची 15 टक्क्यांनी कमी आढळली. ज्वारी म्हणजे अमृत नव्हे, तीही पिष्टच. चारऐवजी दोन भाकऱ्या खाल्ल्या तरच तिचा उपयोग. आज त्या जागी गव्हाची मऊ पोळी, रेशनचा भात, लग्नात वरण-बट्टी, ढाब्यावर शेवभाजी, आणि दिवसातून पाच चहा. मळ्यात पाणी सोडायला पायी जाणारा माणूस आता मोटारसायकलवर जाऊन बटण दाबतो.

त्यात आपली अंगकाठी. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर बायांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. बाळं सरासरी 2.7 किलोची, इंग्लंडच्या साउदम्प्टनची 3.5 किलोची. वजन एवढं कमी, तरी कातडीखालची चरबी त्या मानाने टिकून आणि स्नायू कमी. हडकुळं दिसणारं शरीर आतून चरबी धरून असतं. म्हणून पोट न सुटलेल्या शेतकऱ्यालाही साखर होते आणि "मी कुठे जाड आहे?" हा त्याचा प्रश्न रास्त असला तरी उत्तर वेगळं येतं. आयसीएमआरच्या 2023 च्या देशव्यापी पाहणीत 10.1 कोटी भारतीयांना मधुमेह आणि 13.6 कोटींना त्याची पूर्वावस्था असल्याचा अंदाज निघाला. एवढे पेले भरायचे, तर सातपुड्यात एक बिबला उरणार नाही.

सुश्रुताने प्रमेहाच्या चिकित्सेत ज्याच्याजवळ पैसा नाही अशा रुग्णासाठी वेगळा उपाय सांगितलाय : शंभर योजनं पायी चालावं, मिळेल ते साधं अन्न खावं, नाहीतर विहीर खणावी. असनाचे काढे सांगणाऱ्या परंपरेतच हेही आहे. आपण काढा ठेवला आणि विहीर सोडली.

वनौषधी निर्धोक असते, ही समजूत मात्र मोडायलाच हवी. 2020 च्या शेवटच्या महिन्यांत मुंबईत गुळवेल घेणारे सहा रुग्ण यकृताला इजा होऊन आले. डॉ. आभा नागराळ आणि सहकाऱ्यांनी ती नोंद 2021 मध्ये छापली. आयुष मंत्रालयाने हरकत घेतली की ती वेल गुळवेलच होती की तिच्यासारखी दिसणारी दुसरी, हे आधी पाहा. हरकत योग्यच होती, आणि तिच्यातून गिऱ्हाईकाची अडचण आणखी उघडी पडली : पुडीत नेमकी कोणती वेल आहे हे त्याला कसं कळणार? बिबल्याचंही तसंच. 'असन' हे नाव काही ठिकाणी ऐनालाही लावतात. आणि काही 'शुद्ध आयुर्वेदिक' पुड्यांत इंग्रजी गोळ्याच कुटून घातल्याचं जगात अनेकदा उघडकीला आलंय. पुडी घेतल्यावर साखर झपाट्याने उतरली तर आनंद मानू नका, ती पुडी डॉक्टरांना दाखवा. इन्सुलिनवर असलेल्या माणसाने, विशेषतः लहान मुलाने, कुठल्याही पाल्यासाठी इन्सुलिन थांबवलं तर काही दिवसांत जीव जाऊ शकतो. इथे घासाघीस नाही.

झाडाचंही पाहायला हवं. पेल्याला गाभ्याचं लाकूड लागतं आणि गाभा धरायला झाडाला कित्येक वर्षं लागतात. जागतिक लाल यादीत बिबला संकटाच्या जवळ पोचलेल्यांत मोडतो. त्याची शेंग चपटी, गोल, भोवती पंखासारखी कड असलेली, टणक. आतलं बी सहजी रुजत नाही. ढोलासाठी, बैलगाडीसाठी तोडला जायचाच, त्यात आता पेले.

मामांनी गेल्या हिवाळ्यात एक गोष्ट केली, आणि तिचं मला फार अप्रूप वाटलं. केळीच्या कापणीची वही असते, तारीख, घड, वजन, भाव असे रकाने पाडलेली. तिच्या मागच्या पानांवर त्यांनी साखरेचे रकाने आखले. डॉक्टरांना सांगून, गोळ्या चालू ठेवून, पंधरा दिवस पेल्याचं पाणी घेतलं आणि पंधरा दिवस नाही. दोन्ही वेळा रोज सकाळी बोटाला टोचून आकडा लिहिला. मी गेलो तेव्हा त्यांनी वही माझ्यापुढे सरकवली. पेल्याच्या आणि बिनपेल्याच्या पंधरवड्यांत डोळ्यांना दिसेल असा फरक नव्हता. पण तीन दिवसांचे आकडे बाकीच्यांपेक्षा ठळकपणे खाली होते, आणि त्यांच्यापुढे मामांनी बारीक अक्षरात लिहिलं होतं, "मोटर बंद. मळ्यात पायी."